विद्यावंशाचा कज्जा

ज्या दोन गृहस्थांचे संभाषण मी येथे उतरवीत आहे, त्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. एकाचे आयुष्य साताऱ्यास शाळेत संस्कृत शिकविण्यात गेले आणि दुसऱ्याचे सांगलीस पदार्थविज्ञान शिकविण्यात व संशोधक विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासण्यात गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. म्हणून त्यांना मी सातारकर आणि सांगलीकर असेच म्हणेन. सेवानिवृत्तीनंतर सांगलीकरांनी असा संकल्प केला की, कोणी कोणाच्या हाताखाली पदवी मिळविली, त्या मार्गदर्शकाचा मार्गदर्शक कोण, त्याचा कोण, अशी दोन्ही जिल्ह्यांतील विद्वानांची वंशावळ एका कागदावर मांडावी. आणि त्या कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत मारून ते सातारकरांच्या सोप्यावर येऊन बसले. मी श्रोता होतो. परंतु श्रोत्यालाही मत असते, आणि ते मी जागोजागी दिले आहे.

सांगलीकर : हे पाहा, शास्त्रीबुवा. खाली माझे विद्यार्थी, त्यांच्यावर मी, माझ्यावर माझे मार्गदर्शक, त्यांच्यावर त्यांचे. चार पायऱ्या चढलो की आपण थेट इंग्लंडात. हॅरी कून्स नावाच्या एका अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हाच उद्योग साऱ्या जगातील गणितज्ञांसाठी आरंभिला, आणि आज त्या नोंदींत तीन लाखांच्या वर नावे आहेत. बहुतेक नावांपुढे विद्यापीठ, वर्ष, प्रबंधाचा मथळा आणि मार्गदर्शक. मखलाशीला जागाच नाही. आपल्या दोन जिल्ह्यांनी असे का करू नये?

सातारकर : करू नये असे मी कोठे म्हणालो? पण आपल्याकडे वंशावळी लिहिल्या गेल्या त्या कशापायी, हे आधी आठवा. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा वाद गोतसभेपुढे उभा राहिला म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापला करीना सादर करीत, मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या सांगत, त्यावर साक्षीमोझे होऊन महजर होई, आणि ज्याची पिढी मध्येच तुटे त्याचे वतन जाई. पुढे इंग्रजांनी इनाम कमिशन बसविले तेव्हा घरोघरच्या पेट्या उघडून पुन्हा तेच झाले. वंशावळ ही अशी कज्ज्याच्या पोटी जन्मली आहे. म्हणून तुमचा कागद पाहताच माझा पहिला प्रश्न हा की, वतन कोणते मागावयाचे आहे?

सांगलीकर : वतन कसले? कृतज्ञता आहे ही.

सातारकर : कृतज्ञता एक पिढी वर जाते, फार तर दोन. पाचवी पिढी चढून जो केंब्रिजास पोहोचतो तो बहुधा सनद धुंडीत असतो, प्रोफेसरसाहेब.

सांगलीकर : मग तुमच्या उपनिषदांतील वंशब्राह्मणांचे काय? बृहदारण्यकात एकाला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने विद्या दिली, अशी जी लांबच लांब यादी आहे ती अखेर स्वयंभू ब्रह्मापर्यंत जाते. मी निदान केंब्रिजास थांबतो.

येथे सातारकर मनापासून हसले. वास्तविक हा टोला त्यांना लागावयास हवा होता तितका लागला नाही, कारण बृहदारण्यकातील अशा तीन याद्यांपैकी शेवटच्या यादीत पुष्कळ आचार्यांची ओळख बापाच्या नव्हे तर आईच्या नावाने दिली आहे, ही गोष्ट ते नेहमी वर्गात सांगत आणि जगातील कोणत्याही विद्यापीठाच्या नोंदवहीला असे धैर्य झालेले नाही असे म्हणत. परंतु त्या दिवशी त्यांनी तो मुद्दा काढला नाही. ते उठून आत गेले आणि एक जाड ग्रंथ घेऊन आले. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याचे जे मराठी भाषांतर केले आणि जे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सहा खंडांत छापले, त्याला त्यांचे चिरंजीव काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी १९५४ साली जोडलेला हा सातवा, प्रस्तावनाखंड होता.

सातारकर : तुमचा संकल्प स्तुत्य आहे, पण नवा नाही. या खंडात महाराष्ट्रातील वैयाकरणांची शिष्यपरंपरा काशीनाथशास्त्र्यांनी मांडून ठेवली आहे. वर काशीतले भट्टोजी दीक्षित. त्यांचे नातू हरी दीक्षित. हरी दीक्षितांचे शिष्य नागेशभट्ट काळे. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. त्या परंपरेतून पुण्यात नीलकंठशास्त्री थत्ते. थत्त्यांचे शिष्य आमच्या साताऱ्याचे भास्करशास्त्री अभ्यंकर. त्यांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले. आणि रामशास्त्र्यांचे शिष्य वासुदेवशास्त्री. आता यातली एक गोष्ट नीट पाहा. भास्करशास्त्री वारले १८७० साली. वासुदेवशास्त्री त्यांचे सख्खे नातू, पण जन्म १८६३ चा, म्हणजे आजोबा गेले तेव्हा नातू सात वर्षांचा. सात वर्षांच्या मुलाला नागेशांचा शब्देन्दुशेखर कोण शिकविणार? आजोबांची विद्या नातवाला मिळाली ती आजोबांच्या शिष्याकडून. जन्माचा धागा तुटला होता तेथे विद्येच्या धाग्याने तो सांधला, आणि रामशास्त्र्यांनी गुरूचे ऋण गुरूच्या नातवापाशी फेडले. तुमच्या कागदावर ही गोष्ट दोन रेघांत येईल. त्या दोन रेघांत काय घडले ते मात्र येणार नाही.

सांगलीकर : रेघ काढल्याशिवाय ते घडले हेही कोणाला कळणार नाही. बरे, नागेशभट्ट काळे म्हणजे तेच ना, जे मूळचे तासगावचे मानतात? मग ते आमचे झाले. लिहून घेतो : जिल्हा सांगली.

सातारकर : सबूर. तासगाव, खानापूर, वाळवे हे तालुके आमच्याच सातारा जिल्ह्यात मोडत होते. १९४९ साली ते तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव पडले. नागेश सतराव्या-अठराव्या शतकातले. तेव्हा ना तुमचा जिल्हा, ना आमचा. शिवाय तासगाव हा त्यांच्या जन्मवंशाचा पत्ता झाला. विद्यावंशाचा पत्ता काशीचा. आणि हे दोन वंश समोरासमोर ठेवावयाचे हा व्याकरणाचाच शिरस्ता आहे. पाणिनीने चौथ्या अध्यायात विद्येचा संबंध आणि योनीचा संबंध एकाच सूत्रात घालून आचार्याला आणि आजोबाला एकच प्रत्यय लावला आहे.

सांगलीकर : सूत्र असो. मला दाखला पाहिजे. ही जी साखळी तुम्ही धडाधड म्हणून दाखविली, तिच्या प्रत्येक दुव्याला आधार काय? माझ्याकडे विद्यापीठाचे रजिस्टर आहे. तुमच्याकडे?

सातारकर : आमच्याकडे ग्रंथाचे पहिले पान आणि शेवटचे पान. मंगलाचरणात किंवा समाप्तीच्या पुष्पिकेत ग्रंथकार आपल्या आईबापांचे नाव घेतो आणि ज्याच्यापाशी शास्त्र वाचले त्याचे नाव घेतो. ते कोणी सक्तीने लिहून घेत नसे. दुसरा दाखला सरकारी दप्तराचा. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीखालच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई, विद्वानांची परीक्षा होई. पेशवाई गेल्यावरही इंग्रजांनी त्या फंडाचे वर्षाचे पन्नास हजार चालू ठेवले आणि त्यातूनच १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. जेथे सरकारी पैसा तेथे यादी आलीच.

सांगलीकर : पुष्पिका मला मान्य. प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे पान असते, त्याचीच ती आजी म्हणा. पण पुष्पिकेवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नका. आमच्याकडे ऋणनिर्देशात पहिले नाव मार्गदर्शकाचे असते कारण ते असावेच लागते. ज्याने खरोखर शिकविले तो तिसऱ्या परिच्छेदात सापडतो, आणि ज्याने रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवली तो शेवटच्या ओळीत, आईवडिलांच्या आणि टंकलेखकाच्या मध्ये.

सातारकर : आणि मार्गदर्शकाचे नाव शिष्याच्या निबंधावरही असते म्हणे, त्याने एक ओळ लिहिलेली नसली तरी?

सांगलीकर : असते. सगळीकडे नसते, पण असते.

सातारकर : नागेशांनी उलट केले. प्रौढमनोरमेवरील शब्दरत्न ही टीका हरी दीक्षितांच्या नावावर चालते, पण ती लिहिली नागेशांनी आणि गुरूच्या नावे केली, असे परंपरा सांगते. तुमच्या रजिस्टरात हा ग्रंथ कोणाच्या खाती जमा धराल? आणि नागेशांना मूलबाळ नव्हते. शब्देन्दुशेखर हा आपला पुत्र आणि मंजूषा ही कन्या, असे म्हणून ती दोन्ही अपत्ये त्यांनी शिवाच्या चरणी वाहिली. ज्याने ग्रंथालाच संतती मानले, त्याच्या वृक्षाला माणसांची पाने किती लागली हे मोजून काय कळणार?

सांगलीकर : फार गोड चित्र रंगवता आहात. याच परंपरेत भट्टोजींनी काय केले ते का सांगत नाही? शेष श्रीकृष्णांपाशी व्याकरण शिकले, आणि मनोरमेत त्याच गुरूच्या प्रक्रियाप्रकाशाचे खंडन केले. जगन्नाथपंडित शेषांच्याच घराण्याच्या परंपरेतला. तो इतका खवळला की भट्टोजींना त्याने गुरुद्रोही ठरविले आणि मनोरमेच्या खंडनासाठी जो ग्रंथ लिहिला त्याला असे नाव दिले की आज तुम्ही वर्गात मुलींपुढे उच्चारणार नाही.

सातारकर : उच्चारत नाही हे खरे. पण पाहा, भांडण झाले तरी रेघ पुसली गेली नाही. किंबहुना ज्याच्या मताचे खंडन करावयाचे त्याचे मत आधी जिभेवर असावे लागते. ते गुरूखेरीज कोण देणार? माझा आक्षेप रेघेला नाही, एकाच रेघेला आहे. पाठशाळेत तुमचा गुरू कोण, असे मोघम कोणी विचारीत नसे. शेखर कोणापाशी वाचला? न्याय कोणापाशी? मीमांसा कोणापाशी? ग्रंथ वेगळा, गुरू वेगळा. वाईस नारायणशास्त्री मराठ्यांच्या, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी लहानाचे मोठे झाले, पण तर्कतीर्थ ही पदवी आणली १९२३ साली कलकत्त्याहून. तुमच्या पद्धतीने लक्ष्मणशास्त्री कलकत्त्याचे, आणि वाई कोठेच नाही. ज्या वाईत पुढे त्यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, ती वाई! त्याच पाठशाळेत १९१७ साली विनोबा काही महिने येऊन शांकरभाष्य वाचून गेले. काही महिन्यांत शिष्य होतो की नाही? किती महिन्यांनी होतो? याचा फैसला कोणी करावयाचा?

सांगलीकर काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी गुंडाळी थोडी उलगडली आणि कोपऱ्यातल्या एका नावावर बोट ठेवले. हे नाव त्यांनी स्वतःच आधी प्रश्नचिन्ह घालून लिहून ठेवले होते.

सांगलीकर : तुम्ही म्हणता तो घोटाळा मलाही आडवा आला आहे. फ्रान्झ कीलहॉर्न. लाइपझिगची पदवी १८६२ सालची, ब्रेस्लाऊला स्टेन्झलरचे शिष्य. १८६६ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. येथे त्यांनी नागेशांचा परिभाषेन्दुशेखर संपादिला, १८७४ पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले, आणि १८८० पासून पुढे तीन खंडांत महाभाष्याची ती आवृत्ती काढली, जी आजही प्रमाण धरतात. रजिस्टराप्रमाणे हा मनुष्य ब्रेस्लाऊच्या फांदीवर बसतो.

सातारकर : आणि परिभाषेन्दुशेखर त्यांनी ब्रेस्लाऊला वाचला?

सांगलीकर : नाही. पुण्यात, अनंतशास्त्री पेंढारकरांच्या शेजारी बसून.

सातारकर : मग फांदी कोणती?

सांगलीकर : दोन्ही. मी दोन रेघा काढीन. पण शास्त्रीबुवा, दोन रेघा काढल्या की तो वृक्ष राहात नाही, तो जाळे होतो. झाडाला एक खोड असते.

सातारकर : मग झाड म्हणू नका. नदी म्हणा, कृष्णेला वेण्णा मिळते, कोयना मिळते, आणि सांगलीच्या घाटावर उभे राहून कोणते पाणी कोणाचे हे कोणी विचारीत नाही.

सांगलीकर : मी विचारतो. मोजणीचे शास्त्र आहे ते, जलविज्ञान म्हणतात.

या उत्तराने सातारकर निरुत्तर झाले, आणि मला सांगावयास हरकत नाही की ते निरुत्तर झाल्याचे पाहून मला बरे वाटले. कारण नद्यांच्या उपमा देऊन हिशेबाची टाळाटाळ करणे ही आपल्या पंडितांची जुनी खोड आहे. सांगलीकर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. आतापर्यंत ते दाखल्याची बाजू मांडीत होते. आता त्यांनी ती बाजू का घेतली त्याचे कारण बाहेर आले.

सांगलीकर : तुमच्या या सातव्या खंडातील परंपरा मी वाचली आहे. थत्ते, अभ्यंकर, गोडबोले, गजेंद्रगडकर, पायगुंडे. तुम्हांला त्यात काही दिसत नाही?

सातारकर : दिसते. एकच जात दिसते.

सांगलीकर : आणि एकही बाई दिसत नाही. ग्रंथ कोणापाशी वाचला हा प्रश्न तुम्हांला गोड वाटतो, कारण ग्रंथ वाचावयास कोणाला बसू देत हा प्रश्न तुम्ही आधीच मिटविलेला असतो. आता माझ्या रजिस्टराची गोष्ट ऐका. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तेथे ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस १९१४ या अनुक्रमांकापुढे एक नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. त्या मुलाला वर्गात इतरांपासून दूर, आपल्या वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या गावात भास्करशास्त्र्यांची पाठशाळा चालली, त्या गावातली ही गोष्ट. पुढे मुंबईस त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावे लागले. तुमच्या पद्धतीची वंशावळ लिहिली असती तर हा माणूस कोणाचाच शिष्य नाही. पण त्या गोणपाटावर बसलेल्या मुलाचे नाव रजिस्टरात इतरांच्याच शाईने, इतरांच्याच अनुक्रमाने आहे. रजिस्टर कोरडे असते म्हणून तुम्ही त्याला हसता; माझ्या मते तो कोरडेपणाच त्याचा धर्म आहे.

सातारकर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी प्रतिवाद केला तो हळू आवाजात केला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे बोलणे तेच होते.

सातारकर : तुम्ही म्हणता ते सर्व मान्य. आमच्या परंपरेला जो दोष आहे तो लेखनाचा नाही, प्रवेशाचा आहे, आणि तो रजिस्टराने काही अंशी धुतला हेही मान्य. पण आता आंबेडकरांचीच वंशावळ तुमच्या पद्धतीने मांडून दाखवा.

सांगलीकर : सोपे आहे. कोलंबियात सेलिग्मन, लंडनला एडविन कॅनन. रुपयावरचा ग्रंथ १९२३ चा, त्याला प्रस्तावना कॅनन यांची, आणि तीत विद्यार्थ्याशी असलेला मतभेदही नमूद आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ चा, प्रस्तावना सेलिग्मन यांची. दोन्ही दाखले छापील.

सातारकर : जॉन ड्यूई?

सांगलीकर : कोलंबियात त्यांची व्याख्याने आंबेडकरांनी ऐकली. पण ड्यूई मार्गदर्शक नव्हते.

सातारकर : आणि तरीही ज्यांचा ठसा आंबेडकरांच्या लेखनावर उमटला आहे असे पुष्कळ अभ्यासक मानतात, ते ड्यूई. बरे, आंबेडकर स्वतः आपले गुरू कोण म्हणत?

सांगलीकर : बुद्ध, कबीर आणि फुले.

सातारकर : फुले वारले २८ नोव्हेंबर १८९० रोजी. आंबेडकर जन्मले १४ एप्रिल १८९१ रोजी. गुरू जाऊन साडेचार महिने झाल्यावर शिष्य जन्माला आला. फुल्यांचे मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातले कटगुण, म्हणजे ही रेघ साताऱ्यातून निघते. ती काढणार की नाही?

सांगलीकर : ही रेघ काढली तर उद्या प्रत्येक जण ज्ञानेश्वरांपर्यंत रेघ ओढील. भेट नाही, पाठ नाही, सही नाही.

सातारकर : सही आहे. शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ १९४६ साली आंबेडकरांनी फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला. ते अर्पणपत्र छापील आहे. ती पुष्पिकाच झाली. फरक असा की तुमच्या रजिस्टरात मार्गदर्शक सांगतो की हा माझा विद्यार्थी. अर्पणपत्रात विद्यार्थी सांगतो की हा माझा गुरू. जन्माच्या वंशात बापाची कबुली चालते. विद्येच्या वंशात शिष्याची चालावी.

सांगलीकरांना हे एकदम पटले असे नाही. त्यांनी लगेच भाऊराव पाटलांचे नाव काढले, बहुधा सातारकरांना पेचात धरण्यासाठी. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढणारा आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविणारा हा पुरुष स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता. पुणे विद्यापीठाने १९५९ साली दिलेली डी.लिट. सन्मानाची होती, आणि सन्मानाच्या पदवीला मार्गदर्शक नसतो. त्यांच्या वसतिगृहात भाकरी खाऊन शिकलेल्या मुलांतून पुढे प्राध्यापक निघाले, प्रबंध लिहिणारे निघाले. त्या प्रत्येकाने भाऊरावांना गुरू म्हटले तर सांगलीकरांच्या कागदावर एकाच माणसाखाली एवढी गर्दी होईल की बाकीची नावे वाचता येणार नाहीत.

सातारकर : होऊ द्या गर्दी. प्रत्येकाने लेखी म्हटले असेल तर.

सांगलीकर : मग ही संशोधनाची वंशावळ राहिली नाही.

सातारकर : तुमच्या शास्त्रात तरी ती निखळ आहे का? पदवीची साखळी कोठेच तुटत नाही?

येथे सांगलीकरांचा प्रामाणिकपणा मला दिसला. दुसरा कोणी असता तर विषय बदलता. केंब्रिज विद्यापीठाने पीएच.डी. ही संशोधनाची पदवी देण्यास आरंभ केला तोच मुळी पहिल्या महायुद्धानंतर, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. त्याआधीचे इंग्रज शास्त्रज्ञ त्या पदवीवाचूनच मोठे झाले. आणि त्यानंतरही फ्रेड हॉईल यांनी ती घेतली नाही. कागदोपत्री त्यांचे मार्गदर्शक डिरॅक. परंतु डिरॅकना विद्यार्थी नको होता आणि हॉईलना मार्गदर्शक नको होता, म्हणून ती जोडी जमली, असे हॉईलच सांगत. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर याच हॉईल यांचे शिष्य. म्हणजे नारळीकरांची रेघ एका पायरीवर ज्या माणसापाशी पोहोचते त्याच्याजवळ पदवीच नाही, आणि तेथून पुढची रेघ जेथे जाते तेथे अध्यापनाचा संबंध नाममात्र.

सांगलीकर : तरी मी ती रेघ काढतो, कारण नारळीकरांनी हॉईल यांच्याविषयी स्वतः भरभरून लिहिले आहे.

सातारकर : म्हणजे शिष्याची कबुली.

सांगलीकर : (थांबून) म्हणजे शिष्याची कबुली. पण तिला साक्षीदार हवा, शास्त्रीबुवा. आमच्या मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य तयार केले. बुवांची विद्या ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोश्यांची, वासुदेवबुवांची हस्सूखाँची. आणि बुवांपासून कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांना मिळाली, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. गवयांत चार जाणकारांसमोर गंडा बांधतात. घरात बसून कोणी म्हणू लागला की मी अमक्याचा शिष्य, तर त्याला मैफलीत बसलेले उस्तादच विचारतात, गंडा कोणाच्या देखत बांधलास? कबुली शिष्याची, पण साक्ष लोकांची. एवढे असल्याशिवाय मी रेघ काढणार नाही.

सातारकर : मिरजेचेच बा. र. देवधर. पलुस्करांचे शिष्य, पण पुढे कितीतरी उस्तादांकडून त्यांनी विद्या घेतली. गंडा एक, विद्या अनेकांची.

सांगलीकर : आणि ती कोणाकोणाची, हे त्यांनी पुस्तकात लिहून ठेवले. म्हणून मला चालते.

एवढे झाल्यावर दोघांनी मिळून तो कागद पुन्हा पसरला आणि रेघांच्या जाती ठरविल्या. पदवीची रेघ काळी. ग्रंथ वाचल्याची, किंवा प्रयोगशाळेत हाताखाली काम केल्याची रेघ निळी, आणि तिच्यावर ग्रंथाचे वा कामाचे नाव घालावयाचे. प्रत्यक्ष भेटीवाचून मानलेल्या गुरूची रेघ तांबडी व तुटक, आणि ती शिष्याच्या छापील किंवा हस्तलिखित कबुलीवाचून काढावयाची नाही. फुले आणि आंबेडकर यांच्यामधली तांबडी रेघ सांगलीकरांनी स्वतःच्या हाताने काढली. नागेशांच्या नावापुढचा जिल्हा मात्र अखेर दोघांनीही कोरा ठेवला. ज्ञानेश्वरांपर्यंत रेघ ओढू पाहणाऱ्यांचे काय करावयाचे, यावर एकमत झाले नाही; सातारकरांच्या मते ओढू द्यावी, सांगलीकरांच्या मते त्यांना परत पाठवावे. या बाबतीत मी सांगलीकरांच्या बाजूचा आहे. वंशावळीत मूळ पुरुष जितका थोर तितका मधल्या पिढ्यांचा पुरावा पातळ, हा अनुभव वतनाच्या कज्ज्यांत सर्वांना आलेला आहे, आणि विद्येच्या वतनदारांना तो लागू नाही असे मानण्यास कारण दिसत नाही.

परंतु मुख्य मुद्द्यावर सातारकर बरोबर होते असे माझे मत आहे. गुरूने सांगितलेल्या शिष्यांची यादी मला नेहमी जरा फुगलेली वाटते. शिष्याने सांगितलेल्या गुरूंची यादी क्वचितच फुगलेली असते, कारण आपले अज्ञान कोणाकोणासमोर उघडे पडले होते याची ती कबुली असते.

कागद अजून अर्धा कोरा आहे, आणि तो सांगलीस वा साताऱ्यास बसून भरण्यासारखा नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती : वाई, कऱ्हाड, सातारा, तासगाव, मिरज किंवा सांगली येथे ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पोथ्या असतील त्यांनी त्या कपाटातून बाहेर काढून प्रत्येकीचे पहिले आणि शेवटचे पान पाहावे, त्यावर गुरूचे नाव असल्यास ते तारखेसह उतरवून घ्यावे, आणि ज्यांनी प्रबंध लिहिले आहेत त्यांनी ऋणनिर्देशाच्या पानाची एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयात नेऊन द्यावी, त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदासह आणि शेवटच्या ओळीसह.